फक्कीचं घर

रमावहिनींचा फोन आला तेव्हा मी भाड्याच्या घरातल्या नळाशी भांडत होतो. सकाळचे साडेसात वाजलेले, पाणी जायला दहा मिनिटं उरलेली, आणि नळातून नुसती फुसफुस. मी फोन उचलला तोही खेकसतच, "हां, बोला!" पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे उठत नाहीयेत." मी म्हटलं, "मग झोपू द्या की. रिटायर माणसाला कुठे पंच मारायचाय?" त्या म्हणाल्या, "अंग गार पडलंय हो." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अंबरनाथहून उल्हासनगरला रिक्षाने जाताना मी त्या रिक्षावाल्याला इतकं टोचलं की शेवटी तो म्हणाला, "चाचा, उड़ाऊँ क्या अब?" पोचलो तर मधुकर, वहिनींचा नवरा नि माझा जुना शेजारी, कुशीवर, गालाखाली हात घेऊन निजलेला. डॉक्टर येऊन, बघून, गेलेसुद्धा होते. आज या गोष्टीला सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी एका जागी धड बसलेलो नाही. माझी बायको मंगल म्हणते, तुमच्या बुडाखाली निखारे ठेवलेत का कुणी? ठेवलेत. मीच ठेवलेत, आणि ते काय आहेत तेच सांगायला हे लिहितोय.

मधुकर साळवे हा काही पेपरात नाव येणारा माणूस नव्हे. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो मार्कर होता. मार्कर म्हणजे जाड पत्र्यावर नकाशा बघून रेघा आखणारा. तो रेघ आखणार, मग त्या रेघेवरून कटर चालणार. रेघ चुकली की अख्खा पत्रा भंगारात. सबंध नोकरीत त्याचे किती पत्रे वाया गेले असं विचारलं की तो बोटं दाखवायचा, एका हाताची, आणि त्यातलाही अंगठा दुमडलेला असायचा. मीही रेघांवरच जगलो. उल्हासनगर कॅम्प दोनला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं ट्रेसर होतो, साहेबांनी काढलेले इमारतींचे नकाशे गिरवायचे, हेच काम. म्हणजे आम्ही दोघे दारासमोर दार असलेले शेजारी, एक पत्र्यावर रेघा मारणारा, एक कागदावर. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला, माझं घर कोकणातलं, गणपतीला गाव गाठणारं. चौदा एप्रिलला त्याच्याकडची खीर आधी आमच्या घरी यायची आणि माझी आई असेतोवर तिच्या घावन्यांचा पहिला घाणा त्यांच्याकडे जायचा. मला तो "सावंता" म्हणायचा. असं एकेरीत हाक मारणारा माणूस आता कुणी उरला नाही.

आमची सोसायटी कामगारांनी पैपै जोडून बांधलेली. चार मजले, चोवीस घरं, एक खोली नि किचन. नाव एकोपा. हे नाव ठेवणाऱ्याला कोपरापासून दंडवत, कारण एकोपा सोडून तिथे सगळं होतं. स्लॅबचे पोपडे पडायला लागले, जिन्याचे गज दिसायला लागले, तशी रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू झाली. दोन बिल्डर आले आणि आमची भांडणं बघून, चहा पिऊन निघून गेले. तिसरा आला तो उल्हासनगरचा एक तरुण मुलगा, सरळ बोलणारा. मधुकर तेव्हा सेक्रेटरी. त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं, घरं मोठी करून द्या, ती तर द्यालच, पण तळमजल्यावर एक हॉल आणि त्याला लागून पोरांसाठी अभ्यासिका हवी. अभ्यासिकेवर तो अडूनच बसला. कारण आमच्या बिल्डिंगची पोरं कुठे शिकली, तर पाण्याच्या पंपाच्या खोलीत. एका खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, कुकर चालू, पोर अभ्यास करणार कुठे? मधुकरनेच त्या पंपरूममध्ये बल्ब लावला, भंगारातून दोन बाकडी आणली. त्याची प्रज्ञा तिथे शिकून नर्स झाली, माझा नितीन तिथेच शिकला. "पंपाच्या घरघरीत ज्याला गणित येतं ना, तो कुठेही पास होतो," असं मधुकर म्हणायचा, पण म्हणताना त्याला वाईटच वाटायचं. बिल्डरने अभ्यासिका मान्य केली, नकाशात दाखवली. मधुकर त्या दिवशी बिल्डिंगभर पेढे वाटत फिरला.

पुढे तो नकाशा लोकांना दाखवायची वेळ आली. नकाशा समोर धरला की सगळे माना डोलवतात, आणि कळलेलं कुणालाच नसतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कमलताई शिंदे तेवढ्या खरं बोलल्या, "भाऊ, मला यातलं ओ की ठो कळत नाही. माझी खाट बसेल का एवढंच सांगा." कमलताईंचा नवरा अर्धांगवायूने पडून होता. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, तर खाटेच्या दोन्ही बाजूंना माणूस उभं राहायला जागा लागते. जुन्या घरात खाट भिंतीला टेकलेली, त्यामुळे बिचारी खाटेवर गुडघे टेकून त्याला वळवायची. तिचा प्रश्न ऐकून मधुकर म्हणाला, "कागदावर कशाला, ताई? रविवारी सकाळी खाली या. घरात चालूनच बघा." आणि रविवारी पहाटेपासून गडी कामाला लागला. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती फक्की दोन गोणी आणली, सूत आणलं, खिळे आणले, आणि बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या जागेत नवा फ्लॅट जसाच्या तसा, पुऱ्या मापाने आखला. काय सरळ रेघा होत्या हो त्या... आजही सांगतो, कुठल्या साइटवर मी तसली आखणी बघितली नाही.

आणि मग जी जत्रा भरली! बायका दारातून आत शिरताना चक्क चपला काढत होत्या. कुणी रेघ ओलांडून गेलं की बाकीच्या ओरडत, "अगं ए, भिंतीतून कुठे चाललीस?" चौथ्या मजल्यावरची एक सून किचनच्या चौकोनात उभी राहून हवेतच पोळ्या लाटून बघत होती. एका म्हाताऱ्याने बाथरूममध्ये खुर्ची टाकून पेपर उघडला, तर त्याची बायको म्हणाली, नवं घर आलं तरी सवय काही जायची नाही तुमची. कमलताईंनी दोन पोरं लावून खरी खाट खाली आणवली, कपाटाच्या जागी कपाटाच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, आणि खाटेच्या एका बाजूने फिरून दुसऱ्या बाजूला गेल्या. परत फिरल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बसतंय हो... दोन्हीकडून जाता येतंय." मधुकर फक्कीने पांढरा झालेला, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि हसतोय. त्याने मला हाक मारली, "सावंता, तू नकाशावाला. बघ रे एकदा. बरोबर आहे ना?"

बरोबर नव्हतं. मला ते रेघांत पाऊल टाकताच दिसलं होतं. नकाशावर मापं भिंतीच्या मध्यापासून भिंतीच्या मध्यापर्यंत लिहिलेली असतात. मधुकरने ती मापं घेतली आणि एका रेघेत भिंत उरकली. त्याचं तरी काय चुकलं? सारा जन्म पत्र्यावर रेघ मारली, पत्र्यावरच्या रेघेला जाडी नसते. भिंतीला असते. विटा आल्या, दोन्हीकडून प्लास्टर आलं, म्हणजे प्रत्येक खोलीचे लांबीरुंदीत सात-आठ इंच भिंतीच खाणार. मोठ्या बंगल्यात सात इंच गेले तर कुणी विचारत नाही. पण आमच्या त्या बेडरूममध्ये सात इंच म्हणजे कमलताईंची खाटेच्या पलीकडची वाट. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात झालं, तुम्हाला वाचायला जेवढा वेळ लागला तेवढाही नाही. आणि मी म्हणालो, "एकदम बरोबर."

का म्हणालो? सात आठवडे हाच भुंगा डोकं कुरतडतोय. नितीनचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, पोरगा-सून किचनमध्ये झोपत होती, आणि तो म्हणायला लागला होता, बाबा, मी बदलापूरला रूम बघतो. मला तो जायला नको होता. दोन बिल्डर आधीच पळालेले. मी बोललो असतो तर पुन्हा मापं, पुन्हा बैठका, पुन्हा आरडाओरडा, आणि हा तिसराही गेला असता, असं मला वाटलं. लोक खूश आहेत ना, होऊ देत सह्या, पुढचं पुढे... हा माझा हिशेब. हलकट हिशेब. पुढच्या रविवारी चोवीसच्या चोवीस घरांनी सह्या केल्या. एकोपा सोसायटीत पहिल्यांदा एकोपा झाला, तो माझ्या त्या दोन शब्दांवर.

दोन-अडीच महिन्यांनी बिल्डरने आवाराच्या कोपऱ्यात विटांची एक नमुना खोली उभी केली, लोकांना बेडरूम दाखवायला. मधुकर टेप घेऊन गेला. तासाभराने तो माझ्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. "सावंता... भिंती. मी भिंती धरल्याच नाहीत रे." आणि आता ऐका माझं नाटक. मी कपाळाला हात लावला, डोळे मोठे केले, म्हणालो, "अरे हो की! माझ्याही लक्षात नाही आलं." वर त्याला शहाणपण शिकवलं, "गप राहा. सह्या झाल्यात, अ‍ॅग्रीमेंटमध्ये एरिया बरोबर लिहिलेलाय, तू कुठे कुणाला फसवलंस? घरं मिळाली की कोण टेप घेऊन बसतंय?" तो म्हणाला, "पत्रा चुकला तर मी स्वतः फोरमनकडे जायचो रे. कुणी पकडायची वाट नाही बघितली कधी. इथे तर माणसं आहेत." आणि मग तो म्हणाला, "तुला मी नीट दाखवायला हवं होतं. उन्हात उभं करून घाईत विचारलं, तुला तरी कसं दिसणार?" माझी चूक त्याने अशी आपणहून स्वतःच्या पदरात घेतली, आणि मी घेऊ दिली.

मधुकर तीन दिवस घरोघरी गेला. त्याचं नि माझं सोडून बावीस दारं. आत बसायचा नाही, पाणी घ्यायचा नाही. उंबऱ्याच्या बाहेर चपला काढून उभा राहायचा आणि सांगायचा, "फक्की मी मारली, भिंती धरायच्या राहिल्या, खोली सात इंचांनी लहान येणार. चूक माझी आहे." कुणी म्हणालं, जाऊ दे हो काका. कुणी दार लोटून घेतलं. कमलताई मात्र जिन्यापर्यंत त्याच्यामागे आल्या, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात. "नाचवलंत आम्हाला फक्कीवर! बिल्डरने काय दिलं तुम्हाला, सांगा की!" मी वरच्या जिन्यात उभा होतो. एक पायरी खाली उतरलो असतो, तोंड उघडलं असतं, तर तिथेच संपलं असतं. उतरलो नाही. मधुकर फक्त एवढंच म्हणाला, "ताई, खाट बसवायचं मी बघतो." रमावहिनी सांगतात, त्यानंतर चार दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. बिल्डरने काय दिलं, हा प्रश्न त्याला लागला. अडतीस वर्षं ज्याने कारखान्यातला खिळा घरी आणला नाही, त्याला.

मग मीटिंग झाली. बिल्डरपुढे सगळे ओरडायला लागले, आमचे सात इंच द्या. तो पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, एरिया उतना ही है. घर में दूँगा तो नीचे से कटेगा. साइन के पहले बोलते तो आर्किटेक्ट के साथ बैठके मैं दोनों का कुछ रास्ता निकालता, अभी फाइल चली गई. अब ये अभ्यासिका छोड़ो, तो बेडरूम बढ़ा देता हूँ." साइन के पहले बोलते तो... हे वाक्य मी खाली मान घालून ऐकलं. अभ्यासिका सोडायची की नाही, हात वर करा म्हणाले. पहिला हात मधुकरने वर केला. ज्याच्यासाठी तो दोन वर्षं अडून बसला होता, ती त्याने स्वतःच्या हाताने सोडली, कमलताईंच्या खाटेसाठी. मग बाकीचे हात वर गेले. माझाही गेला, झक मारत. नव्या नकाशात बेडरूम वाढली, खाली एक छोटा हॉल राहिला, अभ्यासिका गेली. एवढं होऊनही कमलताई त्याच्याशी बोलल्या नाहीत. बिल्डिंग रिकामी झाली, पडली, आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो, कुणी उल्हासनगर, कुणी बदलापूर, एक घर पार जांभूळला. नितीन तर बदलापूरला गेलाच. ज्याच्यासाठी मी खोटं बोललो तोच थांबला नाही.

मधुकरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एकोपातले बरेच लोक आले होते. त्रिसरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठून बोलले. मीही बोललो, पंपरूमचं, खिरीचं, सगळं गोड गोड. माझ्यानंतर आमच्यातलेच एक सद्‌गृहस्थ उठले, अगदी मनापासून, गहिवरून म्हणाले, "फक्कीची ती एक चूक सोडली, तर हा माणूस सोनं होता." लोकांनी माना डोलावल्या. रमावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, घरी येऊन हे लिहायला घेतलं. सगळं लिहिलं, अगदी माझा हलकटपणा धरून, आणि छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवायला गेलो. मनात कुठेतरी होतं, की वहिनी रडतील, म्हणतील, भाऊजी, निदान सांगितलंत तरी.

वहिनी रडल्या नाहीत. पूर्ण ऐकून घेतलं. मग उठून गॅस बंद केला, परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय. लोक वाचतील, म्हणतील सावंत किती खरं बोलणारा माणूस." मी काही बोलायला गेलो तर हात वर केला. "हे घरोघरी गेले होते, भाऊजी. शिव्या खाऊन आले. तुम्ही पेपरात लिहून मोकळे होणार का?"

त्या दिवसापासून मी फिरतोय. पत्ते मिळवायचे, रिक्षा करायची, जिने चढायचे. गुडघे बोलतात, बोलू देत. मीही आत बसत नाही, पाणी घेत नाही. कुणी म्हणालं, आता कशाला उकरून काढता, माणूस गेला. कुणी हसलं. जांभूळच्या घरातल्या म्हातारबुवांनी सगळं ऐकून माझ्यासाठी असा काही शेलका शब्द वापरला की तो छापता येणार नाही, आणि मला जरा बरं वाटलं. अकरा घरं झाली तरी कमलताईंचं दार मी टाळत होतो, हेही कबूल करतो. परवा गेलो. कॅम्प दोनला, दुकानांच्या वर, अंधारा जिना. दार त्यांनीच उघडलं. आत खाट दिसत होती, भिंतीला टेकलेली, आणि तिच्यावर त्यांचा नवरा. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. की त्या रविवारी मला दिसलं होतं. की मधुकरने मला विचारलं होतं आणि मी बरोबर म्हणालो होतो. की त्याला कुणी काही दिलं नव्हतं.

मला वाटलं, आता बाई माझी सालटी काढणार. मी तयार होतो. पण त्या माझ्यावर चिडल्याच नाहीत. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "जिन्यात..." म्हणाल्या, "मी त्यांना जिन्यात काय काय बोलले..." मग आत वळून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी जरा जाऊन येते," आणि दाराशी येऊन घाईघाईने चप्पल शोधायला लागल्या. एक पाय चपलेत घातला. दुसरा घालता घालता थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पण सावंतभाऊ... आता मी कुणाच्या दारात जाऊ?"